एकही खाडा नाही

१

सकाळी साडेआठला चहाचा दुसरा कप संपला की मी टेबलावरचा दिवा लावते, डावीकडे मूळ मजकूर ठेवते, उजवीकडे छापून आलेली प्रत, आणि लाल पेन उघडते. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी छापखानेवाले अजून काम पाठवतात. नव्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ कळतं, पण पान चौदावर मेलेला माणूस पान नव्वदवर चहा पिताना दिसला तर त्यांना काही वाटत नाही. मला वाटतं. माझा सगळा जन्म असल्या माणसांना पकडण्यात गेला.

आई गेली त्याला दोन महिने झाले होते. एक्क्याण्णव वर्षांची होती. शेवटची नऊ वर्षं ती माझ्याकडे, आतल्या खोलीत राहिली आणि एका दुपारी माझा हात धरलेला असताना गेली. दुखणं नाही, ओढाताण नाही. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला की तिच्या ब्याण्णवाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी जमू या आणि तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढू या. घरातल्या प्रत्येकाने एक पान लिहायचं. तपासायला मी आहेच.

मला कल्पना आवडली. आईचं आयुष्य सांगायला सोपं होतं आणि जगायला अवघड. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. आईने एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्रीचं काम धरलं ते एकतीस वर्षं सोडलं नाही. आम्हाला शिकवलं, मार्गी लावलं. नोकरी चालू असतानाच धाकट्याची मुलगी झाली, तिलाही सांभाळलं. त्या नातीला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. ती आता तेहेतीस वर्षांची बाई आहे, तिला स्वतःची आठ महिन्यांची मुलगी आहे, तरी चिमणीच. आईच्या हाताला कायम खळीचा आणि वाफेचा वास यायचा. आमच्या घरात रुमालसुद्धा इतके कडक असायचे की नाक पुसलं तर नाक सोलायचं.

पहिलं पान धाकट्याचं आलं. त्याचं अक्षर लहानपणापासून कोंबडीचे पाय. मी लाल पेन घेऊन बसले. दोन अनुस्वार, एक चुकलेली वेलांटी. मग हे वाक्य आलं: ‘मी अकरा वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला. तेवीस दिवस मी दवाखान्यात होतो आणि तेवीस दिवस आई माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीवरून हलली नाही.’

मी समासात प्रश्नचिन्ह केलं. सवयीनेच केलं. कारण ते तेवीस दिवस आई माझ्याजवळ होती.

२

तो मार्च महिना मला लख्ख आठवतो. माझी शाळेतली शेवटची परीक्षा होती. धाकट्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या संसर्गाच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि तिथे मुलांना आत सोडत नव्हते, एवढंच मला माहीत होतं. आई मला पहाटे पाचला उठवायची. मी वाचत असले की समोर बसून राहायची. साडेनऊला माझ्याबरोबर परीक्षेच्या शाळेपर्यंत चालत यायची, आणि दुपारी एकला मी बाहेर पडले की समोरच्या भिंतीच्या सावलीत उभी दिसायची. गणिताचा पेपर वाईट गेला त्या दिवशी मी तिथेच, रस्त्यात, रडले. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यानंतर पन्नास वर्षांत मला कोणी तसं धरलेलं नाही. लग्न मोडलं तेव्हा, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, मी मनातल्या मनात त्या भिंतीपाशी जाऊन आले आहे.

मी धाकट्याला फोन केला. भांडण वगैरे काही झालं नाही. त्याचं म्हणणं असं की माझं डोकं पुस्तकात होतं, शेजारी कोण बसलंय ते मला काय कळणार. माझं म्हणणं असं की तो तापात होता, त्याला नर्सही आई वाटली असेल. दोघांचंही बरोबर असू शकत होतं. आठवण म्हणजे दहा जणांनी हाताळलेलं मुद्रित, त्यात मूळ काय होतं ते कोण सांगणार?

शेवटी तो म्हणाला, “दवाखान्याचा कागद आईने जपून ठेवलाय. तिच्या पत्र्याच्या डब्यात बघ.”

डबा आतल्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर होता. ती गेल्यापासून मी त्या खोलीत झाडायला आणि खिडकी उघडायला एवढीच जायची. डब्यात कागद होता. दाखल चार मार्च, घरी सोडलं सव्वीस मार्च. खाली नर्सच्या अक्षरात: ‘सोबत: आई, पूर्णवेळ, रात्रंदिवस.’ सही, शिक्का.

त्याच्याच खाली माझं परीक्षेचं प्रवेशपत्र. दहा मार्च ते चोवीस मार्च.

आणि अगदी तळाशी, चौकटीतून काढलेलं, हॉटेलने निवृत्तीच्या वेळी दिलेलं मानपत्र. ते मी पूर्वी अनेकदा वाचलं होतं. त्यातली एक ओळ आम्ही घरात थट्टेने म्हणायचो, कोणी सुट्टी मागितली की. ‘एकतीस वर्षांत एकही खाडा नाही.’ एक दिवस कामावर गैरहजर नाही.

मी कोरा कागद घेतला आणि धंद्यात करते तसा तक्ता आखला. एका बाजूला तारखा, वर तास. आईची पाळी सकाळी आठ ते चार. परीक्षा दहा ते एक. दवाखाना रात्रंदिवस. कितीही ओढाताण केली, बसच्या वेळा धरल्या, ती पळत गेली असं धरलं, तरी सकाळच्या एका चौकोनात एक बाई तीन ठिकाणी येत होती.

मानपत्रात फुशारकी असते, नर्स सवयीने लिहितात, असं मी स्वतःला समजावलं. पण एक गोष्ट टोचत राहिली. धाकट्याकडे कागद होता, हॉटेलकडे कागद होता. माझ्याकडे नुसती एक भिंत होती.

३

धुलाईघरातल्या बायकांपैकी एकच हयात होती. आम्ही तिला उंच मावशी म्हणायचो. हॉटेलच्या मोठ्या चादरींची घडी घालायला दोन बायका लागतात, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, आणि उंच मावशी आईची जोडीदारीण होती. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, लेकाकडे एका शिंपीकामाच्या दुकानावर राहते. खालून शिवणयंत्रांचा आवाज सारखा येत असतो. मावशीला तो नीट ऐकू येत नाही, पण खुर्चीतून कळतो म्हणे.

मी पुस्तिकेचं सांगितलं. तिला आनंद झाला. आईच्या खूप गोष्टी सांगितल्या. तव्यासारखी तापलेली इस्त्री गालाजवळ नेऊन ती किती तापली ते आई कशी सांगायची, मुकादमाच्या सदऱ्याची कॉलर तिने एकदा मुद्दाम उलटी कशी दुमडली. मग मी जमेल तितक्या सहज विचारलं, की धाकटा आजारी होता त्या मार्चमध्ये आईने रजा घेतली होती का.

मावशी खुर्चीत पुढे सरकली.

“पन्नास वर्षं झाली,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, कोणी विचारणारच नाही.”

तिने सांगितलं ते असं. आई त्या दिवसांत रोज कामावर होती. वेळेवर यायची, वेळेवर जायची. मुलगा आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी फार बोलायचं नाही. तीही बोलायची नाही. डबा उघडायची नाही, पाणी प्यायची नाही. चादर धरायची, ओढायची, चार पावलं पुढे येऊन टोकं मावशीच्या हातात द्यायची, पुन्हा मागे. काम चोख. मावशीला एवढंच वाटलं की बाईने दुःख गिळलंय.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोघी चादर धरून उभ्या होत्या आणि मावशीला फाटकावर बोलावणं आलं. कोणी भेटायला आलंय. ती आपली टोकं टेबलावर ठेवून, तळघराचा जिना चढून वर गेली.

“फाटकाबाहेर तुझी आई उभी होती,” मावशी म्हणाली. “केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. छातीवर दवाखान्याचा पास टाचलेला. मला म्हणाली, तीन आठवडे मला येता आलं नाही गं, कळवताही आलं नाही. माझी नोकरी गेली का?”

खाली यंत्रं चालू होती. मी मावशीच्या हाताकडे बघत होते.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, नाही गेली. तुझी हजेरी लागलीय रोज. तिने एकदा जिन्याकडे बघितलं. आतून वाफ येत होती. मला वाटलं, आता ही खाली जाईल. नाही गेली. मीच विचारलं, बघायचं नाही का तुला? तर म्हणाली, मी बघत नाही. घरी पोरगी एकटी आहे, तिच्याजवळही कोणीतरी बसतंय. पोरांजवळ कोणी बसतंय ना? मग झालं. आणि बस पकडायला पळाली.”

“आणि तुम्ही?”

“मी खाली आले. ती तिची दोन टोकं धरून उभी होती. मी गेले तेव्हा होती तशीच. चादर जमिनीला लागू दिली नव्हती.” मावशीने शाल सारखी केली. “मी माझी दोन उचलली. नव्वद चादरी व्हायच्या होत्या त्या दिवशी.”

४

मी घरी आले आणि तीन दिवस पुस्तिकेला हात लावला नाही.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाटला तो मत्सर. सहासष्ट वर्षांची बाई मी, आणि माझ्या डोक्यात एकच फिरत होतं: दवाखान्याचा पास टाचलेली आई धाकट्याची होती. मला पहाटे उठवणारी, भिंतीपाशी उभी राहणारी, माझं तोंड दोन्ही हातांत धरणारी कोण होती, ते आईने बघितलंसुद्धा नव्हतं.

आणि तो मत्सराचा भर ओसरला तेव्हा दुसरं सुरू झालं. मी घर ऐकायला लागले. आई गेल्यापासून घरात काही म्हणजे काही झालं नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं, दार करकरलं नव्हतं, आतली खोली मी झाडते तशीच्या तशी राहायची. आधी त्याने बरं वाटायचं. आता मी दुपारी पेन खाली ठेवून बसायची आणि ती शांतता मला एखाद्या माणसासारखी वाटायची. नऊ वर्षं मी जिला जेवू घातलं, जिचे डोळे मी मिटले, ती त्यातली कोण? आणि एक गेली असेल, तर बाकीच्या कुठे बसल्या आहेत?

धाकटा रविवारी आला. मी ठरवलं होतं की त्याला मावशीचं सांगायचं नाही. चिमणीचंही पान आलं होतं, ते मी त्याच्यापुढे केलं. त्यात लिहिलं होतं की शाळेच्या संमेलनात ती झाड झाली होती, आणि आजी पहिल्या रांगेत बसून झाडाला टाळ्या वाजवत होती. तारखेसकट लिहिलं होतं. त्याच दुपारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पट्टी बांधलेली असताना माझा हात धरून कोण बसलं होतं, ते मला आवाजावरून नाही, बोटांवरून कळलं होतं.

धाकट्याने पान खाली ठेवलं. तो कधी मोठ्याने बोलत नाही. बँकेत आयुष्य गेलं, गिऱ्हाईक ओरडलं की हा आणखी हळू बोलायचा. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी मावशीने सांगितलेलं सगळं सांगितलं. पासाचंही सांगितलं. शेवटी म्हटलं, “म्हणजे खरी तुझ्या वाट्याला आली.”

त्याला आनंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खिडकीकडे बघत बसला.

“ती फाटकावर गेली ती सकाळ मला आठवते,” तो म्हणाला. “ताप उतरला होता. आई म्हणाली, तासाभरात येते, आणि गेली. तिची पावलं वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत मी ऐकली. मग मी कूस बदलली.”

“आणि?”

“खुर्ची रिकामी नव्हती, ताई.”

चहा निवून गेला होता. मी दुसरा करायला उठले नाही.

“आईच होती,” तो म्हणाला. “तिचाच स्वेटर, तिचंच सगळं. माझ्याकडे बघत होती. आईसारखंच बघत होती, पण पहिल्यांदा बघितल्यासारखं. मी डोळे मिटले. झोपलो नाही, नुसते मिटून पडलो. पांघरूण नीट केल्याचं कळलं. मग पुन्हा वऱ्हांड्यात पावलं वाजली आणि आई धापा टाकत आली. मी डोळे उघडले तेव्हा एकच होती.” त्याने घसा साफ केला. “त्यानंतर मी तिच्याकडे नीट बघितलं की मनात यायचं, ही कोण आली? लहान होतो तोवर यायचं. मग विसरलो. विसरावंच लागतं, नाहीतर जेवण कसं जाईल घशाखाली?”

तो जायला निघाला तेव्हा दारात थांबला. पुस्तिकेत काय करणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, विचार करते.

५

त्या विचाराला वेळच मिळाला नाही. चिमणीच्या बाळाला न्यूमोनिया झाला.

सोमवारी दवाखान्यात दाखल केलं. आठ महिन्यांचं पिल्लू ते, छातीचा भाता नुसता वरखाली होत होता, असं धाकटा फोनवर म्हणाला. जावई परदेशी जहाजावर कामाला, त्याला यायला आठवडा लागणार. चिमणीची आई पाय मोडून घरात. धाकटा रात्री थांबायचा आणि सकाळी घरी येऊन बायकोचं करायचा. दुपारी चिमणी एकटी.

आणि मला नेमका खोकला झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, त्या बाळाच्या जवळपासही फिरकायचं नाही. मी घरात बसून राहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार. टेबलावर छापखान्याचं काम पडलं होतं. मी एकच ओळ वाचत होते आणि खिडकीतून बसथांब्याकडे बघत होते. मला मूल नाही. चिमणीला पहिलं पाऊल मी शिकवलं, पहिला धडा मी गिरवून घेतला. दुपारी तीन वाजले की माझा जीव खुर्चीत राहायचाच नाही. मी हात घट्ट धरून बसायची, कारण मोकळे ठेवले की ते काहीतरी उचलायला जायचे.

बुधवारी संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. आधी बाळाचं सांगितलं, ताप थोडा कमी आहे. मग जरा रागातच म्हणाला, “ताई, खोकला असताना तू तिथे जातेस? डॉक्टर नको म्हणाले ना?”

मी म्हटलं, मी कुठे गेले? तीन दिवस जिनासुद्धा उतरले नाही.

मग तो फार हळू म्हणाला, “चिमणी म्हणते, आत्या रोज दुपारी येते. बाळाला मांडीवर घेऊन बसते. तिला अजिबात खोकला नाही, म्हणते.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू काही बोलू नकोस तिला,” तो म्हणाला. “निदान बाळ घरी येईपर्यंत नको.”

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन आरशात बघितलं. का बघितलं कोण जाणे. डोळ्यांखाली तीच वर्तुळं, तोच पांढरा केसांचा पुंजका. मी होते. निदान जी बघत होती ती मी होते.

६

शुक्रवारी खोकला पूर्ण थांबला. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. मी दुपारी दोनची बस धरली.

आई बघत नाही म्हणाली होती. मी तिच्यासारखी नाही. चौतीस वर्षं मी दोन्ही प्रती समोर ठेवून बघत आले, बघितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

दवाखाना नवा होता. स्वच्छ, फिकट हिरव्या भिंती, फिनाईलचा वास. मुलांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टला गर्दी होती म्हणून मी जिन्याने गेले, प्रत्येक वळणावर थांबत. वऱ्हांड्यात एक सफाईवाली फरशी पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या खोलीच्या दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून पुसायला लागली. माझ्या पावलांपुढची जागा तिने कोरडी करून दिली.

दाराला वरच्या बाजूला काचेची अरुंद पट्टी होती. आतून पडदा अर्धा ओढलेला. मला खाटेचा पायथा दिसला, सलाईनचा दांडा, आणि खिडकीकडे तोंड करून ठेवलेला लांब बाक. बाकावर चिमणी होती. पाच दिवसांत पहिल्यांदा झोपलेली दिसत होती, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. तिचं डोकं एका खांद्यावर टेकलेलं होतं.

खांद्यावर राखाडी स्वेटर होता. माझा होता. म्हणजे, मी त्या वेळी अंगात घातलेला होता.

मला फक्त पाठ दिसत होती, आणि मांडीवरच्या दुपट्याची कड. पाठ अगदी स्थिर होती. चिमणीचं डोकं घसरू नये म्हणून उजवा खांदा किंचित उचलून धरलेला होता, आणि तो खांदा किती वेळ तसा धरला असेल, किती अवघडला असेल, ते मला माझ्या खांद्यात कळलं. दुपट्यातून बाळाचा हात वर आला. पाच बोटं उघडली, मिटली. कोणीतरी त्याला आपलं बोट दिलं. मला ते बोट दिसलं नाही.

माझा हात दाराच्या मुठीवर होता. मूठ थंड होती. मी खाली दाबली असती तर दार उघडलं असतं, चिमणी जागी झाली असती, आणि ती पाठ वळली असती. काय दिसलं असतं, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मी दुसराच विचार केला. माझ्या मनात आलं, पोरगी पाच दिवसांनी झोपलीय.

मी मूठ सोडली. आवाज होऊ न देता सोडली.

खाली अंगणात एक बाक होता, तिथे मी भेटीची वेळ संपेपर्यंत बसले. दोन तास. लोक येत-जात होते. दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी मला दिसत होती, पण मी वर बघितलं नाही. मला माझी आई आठवत होती. एक नाही, सगळ्या. खळीच्या वासाची, पाससकट धावणारी, वाफेत चादर धरून उभी राहिलेली. भिंतीपाशी माझं तोंड धरणारीच्या हातांना कसला वास होता, ते मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. हात आठवले.

त्या संध्याकाळी सहाला मी घरी पोचले. धाकट्याचं पान काढलं, समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं. मग माझं पान लिहिलं, परीक्षेचे दिवस, भिंत, गणिताचा पेपर, तारखांसकट, आणि त्याच्या पानासमोर येईल असं लावलं. एकही दुरुस्ती केली नाही. छापखान्यातला माणूस फोन करून विचारेल, बाई, तारखा जुळत नाहीत. त्याला सांगीन, आहे ते बरोबर आहे, तसंच छाप.

साडेसहाला चिमणीचा फोन आला. आवाज मोकळा होता, झोप झालेल्या माणसाचा. बाळाचा ताप उतरला होता, डॉक्टर म्हणाले होते रविवारी घरी. मग ती लटक्या रागाने म्हणाली, “आत्या, निघताना मला उठवायचं तरी. जाग आली तेव्हा तू नव्हतीस.”

मी लाल पेनाचं टोपण लावलं.

“तुला छान झोप लागली होती गं,” मी म्हणाले. “म्हणून नाही उठवलं.”

तिने विचारलं, उद्या येशील ना? मी म्हटलं, येईन.

फोन ठेवला. बाहेर अंधारायला लागलं होतं, जिन्यातले दिवे लागले होते. मी दाराला कडी लावायला उठले, आणि कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले. घरातलं कोणी यायचं राहिलं असलं की ठेवतात तसं मग मी ते दार नुसतं लोटून घेतलं.